नाशिकहून एका दिवसात सोपारा आणि वसई: क्रम, वेळा आणि कुठे अडकायला होतं

प्रश्न असा आहे: पहाटे नाशिक सोडून रात्री घरी परतायचं, गाडी स्वतःची, बरोबर सत्तरीच्या आई आणि आठवीतला मुलगा. खरे प्राचीन अवशेष बघायचे आहेत आणि समुद्रकाठच्या गावात निवांत थोडा वेळही हवा आहे. एका दिवसात जमेल का, आणि कुठे जावं?

जमतं. नालासोपाऱ्याचा स्तूप आणि वसई. अट एकच: सोपारा आधी, वसई नंतर. उलट केलंत तर सोपारा राहूनच जातो. वसईचा किल्ला तीन-चार तास सहज खातो, मग जेवण होतं, आणि दुपारी तीन वाजता विटांचं टेकाड बघायला चला म्हटलं की गाडीत कुणी बसत नाही.

फक्त समुद्र हवा असेल तर जव्हार-कासामार्गे डहाणू-बोर्डी जास्त सोपं आणि स्वच्छ. पण अवशेष आणि समुद्र दोन्ही हवे असतील, तर नाशिककरांसाठी सोपाऱ्याइतकं जवळचं ठिकाण नाही, आणि हे नुसतं किलोमीटरच्या हिशेबाने म्हणत नाही. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत शक क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याने कुठे काय दान केलं याची त्यात यादी आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, आपलं गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, या चार ठिकाणी चौसोपी धर्मशाळा बांधल्याचं त्यात येतं. नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं येतं, आणि त्या नद्यांत तापी, दमण यांच्याबरोबर डहाणूचं नावही आहे. बत्तीस हजार नारळाच्या रोपांचं दानसुद्धा आहे. म्हणजे सह्याद्रीच्या वर बसून कोकणच्या वाटेची सोय लावलेली आहे. सोपारा तेव्हा बंदर होतं. तिथे उतरलेला माल वर यायचा तो थळ घाटातून, ज्याला आपण आज कसारा घाट म्हणतो. त्याच घाटाच्या बाजूने तुम्ही खाली उतरणार आहात. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी तासभर काढून लेणं क्रमांक 3, 10 आणि 20 बघून घ्या. मुलाला दुसऱ्या दिवशी स्तूप म्हणजे नुसता ढिगारा वाटणार नाही.

आता रस्ता. अंतर वाटेप्रमाणे 160 ते 180 किलोमीटर. नकाशा साडेतीन तास दाखवतो, तुम्ही नाश्ता धरून साडेचार धरा. पहाटे साडेचारला निघायचं. त्याचं कारण भिवंडी. गोदामांचे कंटेनर साधारण नऊनंतर रस्त्यावर दाटतात, आणि त्याआधी भिवंडी ओलांडली नाही तर पुढचे तीस किलोमीटर दीड तास घेतात.

इगतपुरीपर्यंत प्रश्न नाही. तिथून दोन पर्याय: जुना मुंबई-आग्रा महामार्ग कसारा घाटातून, किंवा इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत. इगतपुरी-आमणे हा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला. समृद्धीने घाट जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून टळतो, ट्रकच्या मागे रांगायला लागत नाही, आईंच्या कंबरेला बरं. टोल वेगळा पडतो आणि दुचाकीला बंदी आहे. जाताना अंधारात समृद्धी घ्या. येताना घाट बघायचा असेल तर उजेड असेपर्यंतच जुना रस्ता.

भिवंडीनंतर तीन वाटा फुटतात. अंजूरफाटा-खारबाव-कामण-चिंचोटी ही सर्वांत जवळची, आणि पावसानंतर सर्वांत वाईट. खड्डे इतके की लहान गाडीचा तळ घासतो. हिवाळ्यात दुरुस्त्या झाल्यावर पहाटे ही वाट चालते. दुसरी, भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडी, तिथून वज्रेश्वरी, पारोळ आणि शिरसाड फाट्यावर अहमदाबाद महामार्ग. ही लांब आहे, पण गर्दी कमी, आणि वज्रेश्वरीचं देऊळ वाटेत लागतं. वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला बांधलेलं हे देऊळ आहे, किल्ल्यासारखं उंचावर, पायऱ्या चढून जायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हीच वाट धरावी असं माझं मत. तिसरी ठाणे-घोडबंदर. तिचं नावही काढू नका. ज्यांना ठाण्यात काम आहे त्यांनी जावं.

सोपाऱ्याला साडेआठ-नऊला पोचायचं. नालासोपारा पश्चिमेला जा, आणि विचारताना नुसतं 'स्तूप' म्हणा. जुन्या माणसांना 'बुरुड राजाचा कोट' हे नाव माहीत असतं. नकाशावर टाकलेली खूण तुम्हाला मागच्या गल्लीत नेऊ शकते, तेव्हा शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला तोंडाने विचारलेलं बरं. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी मोठ्या रस्त्यालाच लावा.

तिथे काय दिसेल ते आधीच सांगून ठेवायला हवं, कारण निराशा होते ती इथेच. सांचीसारखं काही नाही. कुंपणाच्या आत झाडीतलं एक टेकाड, विटांचे उघडे थर, काही दगड, आणि चारी बाजूंनी शहर. महत्त्वाचं जे होतं ते 1882 मध्येच निघालं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप मधोमध खणला तेव्हा आत दगडी पेटी सापडली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. करंडकाभोवती आठ छोट्या ब्राँझ मूर्ती होत्या, सात मानुषी बुद्ध, म्हणजे गौतम आणि त्याच्या आधीचे, आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. गंमत अशी की या मूर्ती स्तूपापेक्षा काही शतकांनी नंतरच्या आहेत, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी पेटी उघडून पुन्हा बंद केली. सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचं चांदीचं नाणंही पेटीत मिळालं, आणि पांडवलेण्यांतल्या 20 क्रमांकाच्या लेण्यात याच राजाच्या सातव्या वर्षाचा लेख आहे. आदल्या संध्याकाळी ते लेणं बघायला सांगितलं ते यासाठी. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये भातेळा तळ्याजवळ, नवव्याचा 1956 मध्ये जवळच्या भुईगावला. ते शोधत सोपाऱ्यात फिरू नका. बघायचे तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सोपाऱ्यात थांबलाच आहात तर चक्रेश्वर तळ्याकाठचं देऊळ मात्र बघा. तिथे जुन्या मूर्ती ठेवल्या आहेत, त्यांत उभ्या ब्रह्मदेवाची मूर्ती फार चांगली आहे. स्तूपाला चाळीस मिनिटं, चक्रेश्वराला वीस. दहापर्यंत इथून निघायचं.

बंदर होतं तर समुद्र कुठे, हा प्रश्न मुलगा विचारणारच. सोपारा थेट दर्यावर नव्हतं, खाडीवर होतं. खाड्या गाळाने भरत गेल्या, जहाजं मोठी होत गेली आणि व्यापार ठाणे, वसई असा सरकत गेला. टेकाडावर उभं राहून पश्चिमेकडे बघितलं तर आता इमारतीच दिसतात, पण जमीन किती सखल आहे ते येता-जाता जाणवतं.

वसईचा किल्ला सोपाऱ्याहून अर्ध्या-पाऊण तासावर. पारनाक्यावरून सरळ किल्ल्यात रस्ता जातो आणि पुढे थेट जेट्टीपर्यंत, किल्लाबंदरपर्यंत पोचतो. हा रस्ता चालू वापरातला आहे, कोळीवाड्याची सगळी रहदारी त्यावरून होते. त्याचा फायदा असा की आईंना गाडीतून चर्चच्या अवशेषांजवळ उतरवता येतं. तोटा असा की मूल रस्त्यावर धावलं तर रिक्षा येतेच.

पाणी बाहेरूनच भरून न्या, माणशी दीड लिटर. आत दुकानांवर विसंबू नका. स्वच्छतागृहाची सोय वसई गावात पारनाक्याच्या आसपास नाश्ता करताना उरकून घ्या. पायात बंद बूट, कारण पडक्या भिंतींचे दगड गवतात लपलेले असतात, आणि जुन्या उघड्या विहिरी आहेत. जून ते ऑक्टोबर गवत कमरेपर्यंत वाढतं. तेव्हा मळलेली पायवाट सोडायची नाही. साप असतात, पण त्याहून जास्त लोक पडतात ते शेवाळलेल्या पायऱ्यांवरून.

फिरण्याचा क्रम असा ठेवा: गाडीने आधी शेवटपर्यंत, म्हणजे दर्या दरवाजापर्यंत जायचं आणि तिथून उलट परत यायचं. बहुतेक लोक अलीकडेच चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी गाडी लावून चालायला लागतात आणि दर्या दरवाजा येईपर्यंत साडेबाराचं ऊन डोक्यावर येतं. दर्या दरवाजाजवळ सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा आहे. आत गोल जिना आहे, आणि तरुण मुलं चढतात. चढू नका, चढू देऊ नका. पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि वर कठडा धड नाही. त्यानंतर डॉमिनिकन मठ, मग फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी चर्च, मग जेझुइटांचं चर्च आणि बालेकिल्ला.

वेळ कमी असेल तर बाकी सगळं धावत बघा, पण सेंट अँथनीला अर्धा तास द्या. या चर्चच्या फरशीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, रांगेने, अगदी पायाखाली. त्यावर पोर्तुगीज नावं, सालं, घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. डोक्यावर ऊन असताना ती अक्षरं दिसतच नाहीत, सपाट काळा दगड दिसतो. ऊन डोक्यावर यायच्या आत, तिरप्या उजेडात कोर उठून दिसते. ढगाळ दिवस असेल तर मोबाइलचा टॉर्च जमिनीला लागून आडवा धरा, अक्षर लगेच उमटतं. खडू किंवा पावडर घासून अक्षरं काढायची नाहीत. दगडाचं नुकसान होतं, आणि संरक्षित स्मारक असल्यामुळे तो गुन्हाही आहे. शिळांवर चालणं टाळता येत नाही, पण बसून डबा उघडू नये. जेझुइट चर्च लोक गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखतात. हा वसईचाच. 1597 मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि 1862 मध्ये संतपद मिळालं, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ही जिवंत श्रद्धेची जागा आहे. तिथे वेडेवाकडे फोटो काढले की लोक बोलतात, आणि बरोबर बोलतात.

इतिहास मुलाला चार वाक्यांत सांगता येतो. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. दोनशे वर्षं त्यांनी इथे शहर वसवलं, म्हणून हा किल्ला कमी आणि कोटाच्या आतलं मोडलेलं गाव जास्त वाटतो. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला, आणि तोही तटाला सुरुंग लावून, महिनोन् महिने वेढा घालून. पुढे 31 डिसेंबर 1802 चा वसईचा तह झाला तो याच गावाच्या नावाने. आणि मनोऱ्यांतल्या घंटा कुठे गेल्या, असं त्याने विचारलं तर उत्तर पंचवटीत आहे. नारोशंकराच्या देवळाची घंटा वसईच्या विजयानंतर आणलेली. गोदावरीच्या पुरात पाणी कुठपर्यंत चढलं हे जिच्यावरून नाशिककर सांगतात, तीच.

बालेकिल्ल्याला एक वाजतो. उरकलं नसेल तर सोडून द्या, एकानंतर दगड तापतात आणि आईंना त्रास होतो. ट्रायपॉड आणि ड्रोन आणायचे असतील तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी लागते. नुसत्या मोबाइलला कुणी अडवत नाही. शनिवार-रविवारी लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी चर्चच्या कमानी अडवून बसलेली असतात. मधला वार मिळाला तर घ्या.

जेवण वसई गावात. खाणावळीत बसल्यावर पापलेट-सुरमईच्या मागे लागू नका, ते नाशिकलाही मिळतं. ओले बोंबील आणि मांदेली मागवा. बोंबील नाजूक, तासाभरात मऊ पडतो, घाट चढून वर येईपर्यंत त्याची चव जाते. म्हणून तो इथेच खायचा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात येणारा मासा बहुधा बर्फातला किंवा खाडीचा. शाकाहारी असाल तर वाडवळी भाज्या, वालाचं बिरडं मिळतं का ते विचारून बघा. न विसरता घ्यायची गोष्ट म्हणजे सुकेळी, आगाशी-वसईकडची. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात आणि केळीच्या सुक्या पानात बांधतात. चांगलं सुकेळं मधाच्या रंगाचं, दाबल्यावर लवतं. काळपट आणि टणक झालं असेल तर जुनं.

समुद्र कधी बघायचा हे घड्याळ नाही, तिथी ठरवते. पंचांगातली तिथी पाऊणने गुणली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते, शुक्ल असो वा वद्य. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुढची ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तासाची चूक धरावी, पण सहलीचा दिवस ठरवायला एवढं पुरतं. या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी फार लांब जातं आणि मागे चिखलाचा पट्टा उरतो; एकादशीला दुपारी अडीचला गेलात तर लाट दिसेल पण पाय भिजणार नाहीत. जेवणानंतर तीन-साडेतीनला भरती हवी, म्हणजे चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा दिवस निवडा. सुरूची झाडं असलेला सुरुची बाग किनारा आईंना बसायला सोयीचा, सावली असते. पाण्यात गुडघ्यापर्यंतच, आणि पाणी उतरायला लागलं की बाहेर. खाडीच्या तोंडाशी ओढ असते आणि गाळात पाय रुततो. जेट्टीपाशी तर पाण्यात उतरायचंच नाही.

अर्नाळ्याचा जलदुर्ग याच दिवसात बसवण्याचा मोह होईल. बसत नाही. होडी भरतीवर अवलंबून, चढताना-उतरताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, आईंना ते नको. तो वेगळ्या दिवशी, आणि तेव्हा वसईचा किल्ला वगळून.

परतताना पाचूबंदर-किल्लाबंदरच्या बाजूला वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या दांड्यांवर, बोंबील वाळत घातलेले दिसतील. विकत घेणार असाल तर एक हातात घेऊन वाकवा. नीट वाळलेला कट्कन मोडतो. नुसता वाकला तर आत ओल आहे आणि घरी आठवड्यात बुरशी धरेल. रंग पांढरट राखाडी हवा, पिवळा पडला असेल तर जुना. वर्तमानपत्रात गुंडाळून दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, नाहीतर एसीचा वास महिनाभर जात नाही.

गाडी नसेल तर रेल्वेने हे जमतं, पण किनारा सोडून. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची विरार जलद लोकल, नालासोपारा. सकाळी विरारकडे आणि संध्याकाळी दादरकडे गर्दीच्या उलट प्रवास होतो, म्हणून बसायला मिळतं. सोपाऱ्यात साडेअकरा, वसई रोड स्टेशनहून रिक्षाने किल्ल्यात दीड, आणि चारच्या आत स्टेशनात परत, म्हणजे दादरला संध्याकाळची परतीची पंचवटी गाठता येते. रविवार टाळा, मेगाब्लॉक असतो. तिकीट परतीचं आधी काढा आणि गाडीच्या वेळा निघण्याआधी तपासा.

गाडीने येणाऱ्यांनी वसई सोडायची ती पावणेपाचच्या आत किंवा सरळ रात्री आठनंतर. मधल्या वेळेत अहमदाबाद महामार्ग आणि भिवंडी दोन्ही तुंबलेले असतात, निघालात तरी पोचण्याची वेळ तीच. आठला निघणार असाल तर जेवूनच निघा, कारण शहापूरनंतर चांगलं मिळेपर्यंत उशीर होतो. पावसाळ्यात कसाऱ्याला धुकं इतकं उतरतं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवाही दिसत नाही. अशा वेळी धुक्याचे दिवे नसतील तर आमणेहून समृद्धी घ्या. आणि पहाटेपासून चाक हातात असलेल्याने रात्रीचा परतीचा टप्पा दुसऱ्याकडे द्यावा. दुसरा चालक नसेल तर पावणेपाचचीच वेळ पाळा, समुद्र थोडा कमी बघितला तरी चालेल.